पिंजर लावलेला कॅमेरा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरगावला ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होतो. मामेभावाने दोन वाक्यांत सांगितलं. सकाळी चहा घेतला, जरा आडवा झाला, उठलाच नाही. डबा तसाच मिटला आणि मामाच्या गावाची, लाटंबार्शाची वाट धरली. त्याला आता सव्वा महिना झाला. येणारा-जाणारा मामाबद्दल चांगलंच बोलतो. मला मात्र एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, आणि तिच्यात मी काही चांगला दिसत नाही.

मामा डिचोलीकडच्या एका खाणीवर मशीन चालवायचा. खाण बंद पडली तसा काजू आणि भातशेतीत रमला. पण गावात त्याचं नाव होतं ते माटोळीमुळे. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर आम्ही जी लाकडी चौकट टांगतो, तिला बांधायची रानफळं नि वेली तो स्वतः डोंगरातून आणायचा. कुणी बाजारातून आणली की त्याचं तोंड वाकडं. साठीनंतर गुडघे बोलायला लागले, झाडावर चढणं संपलं, तेव्हा मला म्हणाला, "सुर्या, माका एक कॅमेरो जाय. फळ पिकलां काय ना, तें सकयल्यान दिसूंक जाय." म्हणजे झाडाखाली उभं राहूनच कळायला हवं, उगाच कुणाला वर चढवायला नको.

मी पडलो हुशार माणूस! आठ दिवस सेन्सर, मेगापिक्सेल, बदलत्या लेन्सा असलं सगळं वाचून काढलं. म्हापशाच्या दुकानात माझं व्याख्यान रंगात आलेलं असताना मामाने दुकानदाराला एकच प्रश्न विचारला, "एका हातान चलता न्ही? दुसऱ्या हातांत कोयतो आसता." माझी विद्या तिथेच आटोपली. लांबचं जवळ आणणारा, लेन्स बदलावी न लागणारा, डोळा लावून बघायची खिडकी असलेला साधा कॅमेरा घेतला. भर उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, तिथे ही खिडकीच कामाची, हेही मामानेच मला शिकवलं.

पहिल्या महिन्यातले निम्मे फोटो नुसत्या आभाळाचे होते. बटण आधी अर्धं दाबायचं, चित्र स्पष्ट झालं की मग पूर्ण, असं मी सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे हाफ क्लच!" झूम केल्यावर हात हलतो, तर काजूच्या खोडाला खांदा टेकायचा, हे त्याचं त्यानेच शोधून काढलं.

दसरा झाला आणि त्याचा फोन आला, सगळं धुरकट, तांबडं दिसतंय. जाऊन बघतो तर काय... खाणीवर मशीनची पूजा करायची सवय, त्याने कॅमेऱ्यालाही झेंडूची माळ घातली होती आणि पिंजरेचं बोट नेमकं लेन्सच्या काचेवर टेकवलं होतं. कुंकू लावायला कॅमेऱ्याचं कपाळ दुसरं कुठलं असणार? मामी हसून हसून बेजार झाली. मी काच पुसून दिली आणि पुढे वर्षभर हा किस्सा भेटेल त्याला सांगत सुटलो.

पुढच्या दसऱ्यानंतर आठवड्याभरात पुन्हा फोन. "सुर्या, परत तांबडें दिसता रे."

"मामा, परत पिंजर लायली? पूस आनी बघ."

"हे खेपेक लावंक ना रे..."

मी हसलो. दिवाळीत त्याने पुन्हा विचारलं, मी म्हटलं, मऊ फडका घे, कडेपासून पूस. बिचारा पुसत राहिला. शिगम्याला गेलो तेव्हा कॅमेरा हातात घेतला. काच लख्ख होती. कार्डातले फोटोही स्वच्छ. तांबडं होतं ते मामाच्या उजव्या डोळ्यात, जो तो खिडकीला लावायचा. साखरेच्या दुखण्याने आत रक्त उतरलं होतं. तपासून झाल्यावर डॉक्टर चिडूनच म्हणाले, "पाच महिने काय करत होता?"

मामा म्हणाला, "काच पुसतालों."

मी शेजारीच उभा होतो. त्याने माझं नाव घेतलं नाही. तो डोळा गेला. त्यानंतरच्या चतुर्थीला मामा अंगणात बसून नुसता हातवारे करून सांगत होता, माटोळीचं कुठलं रानफळ कुठे मिळेल ते, कवंडळ कुठल्या ओहोळापाशी, कांगलां कुठल्या वळणावर. मला तो कधीही काही बोलला नाही, मामीही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बाराव्याला मामीने कॅमेरा माझ्या हातात ठेवला. "तूंच व्हर. हांगा कोण वापरतलो?" घरी आणून चार्ज केला, त्याच्या खिडकीला डोळा लावला, तर सगळं पुसट. खिडकीच्या बाजूला एक बारीक चाक असतं, आपल्या नजरेप्रमाणे जुळवून घ्यायला. ते मी मामाला कधी सांगितलं नव्हतं, मलाच त्याचा विसर पडला होता. ते पार शेवटाला जाऊन अडकलं होतं. माझं ऐकून काच पुसून पुसून झाल्यावर त्याने ते एकट्यानेच शोधलं असणार... मी चाक मागे फिरवायला लागलो. अकरा वेळा टक् झालं, तेव्हा मला स्पष्ट दिसलं. अकरा वेळा त्याने डोळा लावून बघितलं असेल, आता तरी दिसेल म्हणून.