चार तासांवरची बहीण

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या बाईला गल्लीत सगळे 'सुई' म्हणत. अंगानं तशी नि जिभेनंही. धाकटी बहीण लग्न करून दूरदेशी गेली, तेव्हा सुईच सगळ्यांची समजूत घालत होती. अडीच हजार किलोमीटर असलं म्हणून काय झालं, विमानानं चार तास. सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला तिकडे.

पण जाणं काही होईना. कधी शाळा उघडायच्या असत, तर कधी मशीन बिघडलेलं. धाकटी फोनवर रुसायची आणि सुई म्हणायची, चार तासांवर तर आहेस, पळून थोडीच जाणार?

मग एका सकाळी बहिणीच्या नवऱ्याचा फोन आला. धाकटीचं दुखणं त्यानं आजवर दडवलं होतं, तिनंच शपथ घातली होती म्हणून. आता म्हणाला, "ताई, उशीर करू नका."

सुईनं कापड मशीनवर तसंच टाकलं. तिकीटवाल्यानं सांगितलं, थेट विमान कालच गेलं, पुढचं तीन दिवसांनी. मिळालं ते वाट वाकडी करून जाणारं. मधल्या विमानतळावर उतरली, तर पुढच्या शहरात धुकं दाटलेलं. फलकावर 'उशीर' एवढंच दिसत होतं. विचारायला गेली की खिडकीतली मुलगी गोड हसून 'बसा' म्हणायची. बसून बसून तिचे पाय सुजले.

संध्याकाळी तिनं फोन लावला. धाकटीच्या नवऱ्यानं तो तिच्या कानाशी धरला.

"ताई, कुठवर आलीस?"

"आलेच गं."

विमान सुटलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी.

विमानतळावर बहिणीचा नवरा एकटाच उभा होता. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. सुईला विचारावं लागलं नाही. दोघं गाडीत बसली. मग तोच म्हणाला, पहाटे ती सारखी दाराकडे बघत होती, मला राहवेना.

"मी खोटं बोललो, ताई. म्हटलं, उतरल्या, टॅक्सीत बसल्या, पोचतीलच. मग तिनं डोळे मिटले."

सुईच्या ओठावर आलं होतं, माझ्या नावानं खोटं का बोललात? पण तिची नजर त्याच्या खालीवर लागलेल्या बटणांवर गेली. ती एवढंच म्हणाली, "बरं केलंत."

घरी दवाखान्यातून आलेली कपड्यांची पिशवी दारामागे पडली होती. उघडायला कुणी धजावलं नव्हतं. सुईनं ती मोरीत नेली, नळ मोठा सोडला, आणि एकेक कपडा धुता धुता पोटभर रडली.