वरच्या अंगाची मरळ

आईचं माहेर दारणा नदीकाठचं. लग्न होऊन ती नाशिक रोडच्या कॉलनीत आली, पण मासा खायचा तर नदीचाच, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही. बाजारातल्या तळ्याच्या माशाला तिला चिखलाचा वास यायचा. मामा गावाहून मरळ घेऊन आला की ती त्या दिवशी कुणालाच स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही.

मी प्राणिशास्त्र शिकले आणि संशोधनाला विषय घेतला तो नेमका हाच: पाण्यात जड धातू आले की नदीतले मासे स्वतःला कसे वाचवतात. मामाच्या गावाच्या खालच्या अंगाला कारखान्यांचा नाला नदीला मिळतो. पहिले मासे मी तिथूनच नेले. ते तपासले, त्यांच्यात जड धातू निघाले आणि घरी नदीचा मासा बंद झाला. पुढे कधीतरी भाकरी थापताना आईने विचारलं, "एवढं विष हाय पाण्यात, तर ते जगतात कसे?"

"त्यांच्या कल्ल्यांवर बुळबुळीत थर असतो ना, तो दाट होतो. धातू त्यात अडकतो आणि थराबरोबर गळून जातो. तरी थोडा आत शिरतोच. मग काळजात, म्हणजे यकृतात, एक प्रथिन तयार होतं. ते त्या धातूला घट्ट धरून ठेवतं, मोकळं फिरू देत नाही."

"आन् त्याचा त्रास नाय होत?"

"होतो. ताकद त्यातच खर्च होते. मासा अंगाने भरत नाही, अंडीही कमी धरतो. धातू फार झाला तर हेही पुरत नाही."

"तरीच," ती म्हणाली. "शेवटच्या मरळीत गाभोळी नव्हती."

पुढच्या वर्षी आई आजारी पडली. तोंडाची चव गेली, जेवण सुटत चाललं. काय खावंसं वाटतं विचारलं की एकच उत्तर यायचं. शेवटी मी मामाला फोन केला. तो म्हणाला, "ताईला घेऊन ये. आपण नाल्याच्या लय वर जाऊ, तिथं पानी चांगलं हाय."

आम्ही गेलो. आई बाभळीच्या सावलीत सतरंजीवर बसली आणि मामाने गळ टाकला. दुपार कलायला लागली तेव्हा एक मरळ लागली. आईने ती माझ्या हातात दिली नाही. स्वतःच राखेने चोळली, साफ केली. काळीज वेगळं काढून नमुने न्यायच्या माझ्या बर्फाच्या डब्याकडे बघत म्हणाली, "घे बाई, तुझा वाटा."

तीन दगडांच्या चुलीवर लसूण-मिरचीचं कालवण झालं. किती दिवसांनी आई पोटभर जेवली. रस्सा भाकरीने पुसून घेतला आणि मामाला म्हणाली, "अगदी तशीच हाय रे." परतीच्या वाटेवर गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तिच्या हातांना माशाचा वास येत होता.

दिवाळीच्या आधी आई गेली.

त्या काळजाची तपासणी मी नंतर केली. नाल्याखालच्या माशांइतकं नाही, पण ते प्रथिन तिथेही वाढलेलं होतं. म्हणजे ज्या पाण्याला आम्ही चांगलं म्हणत होतो, त्यातही ती मरळ स्वतःला सांभाळत जगली होती. एका जेवणाने आईचं काही बिघडणार नव्हतं, हे मला कळत होतं. तरी मी तो आकडा पुन्हा तपासून पाहिला.

मामाला सांगितलं. तो म्हणाला, "आता अजून वर कुठं जायचं? वर तर धरान हाय."

आता मी कॉलेजात हा विषय शिकवते. मुलं चांगले प्रश्न विचारतात. कधीकधी फळ्याकडे वळताना वाटतं, हे सगळं, त्या वरच्या मरळीचंही, आईला एकदा सांगता यायला हवं होतं. ती काय म्हणाली असती याचा मी पुष्कळदा विचार करते, पण सुचत नाही. ते तिलाच सुचायचं.