पत्ता न दिलेल्या प्रिंटरवर आलेली वंशावळ

“त्यात काय एवढं? प्रिंटरच्या मेमरीत छपाईचा जुना जॉब अडकला होता. नानांनी नवा डबा जोडला आणि तो सुटला. बाकी सगळं नानांचं वय.”

हे माझ्या पुतण्याचे, विकासचे मत. घोडेगावात पंचायत समितीच्या व्हरांड्यापासून चहाच्या टपरीपर्यंत तो हे सांगत फिरतो. टपरीवरच्या मंडळींना ते पटत नाही. त्यांच्या मते मेलेल्या माणसाने कागद धाडला. मी शहात्तर वर्षांचा आहे, तीस वर्षे टायपिंगची संस्था चालवली आहे, आणि अशा गोष्टी सांगणाऱ्या विद्यार्थ्यांना मी वर्गाबाहेर काढत असे. या सदरातले अनुभवही आजवर वाचून बाजूला ठेवत आलो. तरीही लिहितो आहे, कारण घडले ते माझ्या डोळ्यांसमोर, आणि सांगतात मात्र इतर.

तहसील कचेरीच्या रस्त्याला आमची दोन खोल्यांची पक्की जागा आहे. (विकास तिला ‘शेड’ म्हणतो, म्हणून हा खुलासा.) जिथे टंकयंत्रे होती तिथे आता दोन संगणक आहेत आणि सतरा वर्षांचा एक लेझर प्रिंटर. त्याला वायफाय नाही, नेटवर्कची केबल लावायला जागा नाही. मागे केवळ एक यूएसबी. त्यामुळे तो विकासच्या संगणकाला जोडलेला असे आणि मी माझ्या टेबलावरून त्याच्यामार्फत छापत असे. त्याचा संगणक बंद, की माझी छपाई बंद. त्याला अपडेट आला, की माझा संगणक कुठलातरी पासवर्ड मागणार, नाहीतर प्रिंटर ‘ऑफलाइन’ आहे म्हणून सांगणार... आणि समोर दाखल्यासाठी डोंगरातून आलेली माणसे ताटकळत उभी.

“भंगारात द्या, नाना. वायफायवाला नवीन घेऊ,” विकास म्हणाला.

“नवीन घेशील तो तीन वर्षांत भंगारात जाईल. हा सतरा वर्षे चालतो आहे. दोष यंत्रात नाही, जोडणीत आहे.”

“मग तुम्हीच जोडा राव.”

मी जोडला. प्रिंट सर्व्हर नावाचा तळहाताएवढा डबा मिळतो. त्याला एकीकडून प्रिंटरची यूएसबी लावायची, दुसरीकडून राउटरची केबल. राउटरमध्ये त्याचा पत्ता कायमचा बांधून टाकायचा आणि तो प्रत्येक संगणकाला एकदा सांगून ठेवायचा. मग कोणताही संगणक चालू असो वा बंद, प्रिंटर कुणाचा मिंधा राहत नाही. आठ दिवस सगळे पर्याय तपासून मी या निर्णयाला आलो होतो, आणि तो बरोबरच होता.

ज्या दिवशी डबा बसवायला घेतला त्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास तळेघरकडच्या एसटीने दोघी आल्या. मी टेबलाखाली केबल ओढत होतो.

“सर, वळखलं का? बुधाजीची मालकीण मी. ठकूबाई. ही माजी सविता.”

ओळखले. बुधाजी तळेघरच्या वरच्या वाडीतले. सात वर्षांपूर्वी हिरडा काढताना झाडावरून पडून गेले. त्याआधी काही महिने त्यांनी माझ्याकडून आपल्या घराण्याची वंशावळ टाइप करून घेतली होती, पुढेमागे लेकीला उपयोगी पडेल म्हणून.

“त्यो कागद पाण्यात गेला, सर. लगदा झाला निस्ता. तुमच्याकडं नक्कल असंल म्हणून आले.”

सविताने बाकीचे सांगितले. तिला नर्सिंगला राखीव जागेवर प्रवेश मिळाला होता. महिनाअखेरपर्यंत जमात पडताळणीचा अर्ज पुराव्यासह दाखल झाला नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. पुरावा लागतो एकोणीसशे पन्नासच्या आधीचा, म्हणजे आजोबा-पणजोबांच्या काळातला. मायलेकींनी आमच्या आंबेगाव तालुक्याचे दप्तर दोनदा पाहिले होते. तिथे काही नव्हते. पणजोबा कोण, मूळचे कुठल्या गावचे, हे घरात एकट्या बुधाजींना ठाऊक होते.

“मावशी, सात वर्षांपूर्वीचं कुठलं आता,” विकास म्हणाला. “तो कॉम्प्युटरच गेला.”

“गेला म्हंजी?”

“म्हणजे... मेला.”

“त्यो बी?” ठकूबाई म्हणाल्या, आणि बाकावर बसल्या.

ते खरे होते. ज्या संगणकावर मी ती वंशावळ टाइप केली, त्याची हार्ड डिस्क बुधाजी जाण्याच्या महिनाभर आधी जळाली होती. मंचरच्या दुरुस्तीवाल्याने ती माझ्यासमोर उघडून ‘यातून काही निघणार नाही’ असे सांगितले होते. माझ्या संस्थेत कागद हरवत नाही असे मी आयुष्यभर सांगत आलो आणि या बाईला मात्र ‘नाही’ म्हणावे लागले. मान खाली घालून मी पुन्हा केबलला हात घातला. दुसरे काय करणार?

आता पुढचे नीट वाचावे. विकासच्या संगणकातून प्रिंटरची यूएसबी मी स्वतः काढली होती. ती डब्याला लावली, डबा राउटरला लावला. नवा पत्ता अजून कोणत्याही संगणकाला सांगितलेला नव्हता. माझा संगणक तर बंदच होता. डब्याचे बटण दाबले, हिरवा दिवा लागला... आणि प्रिंटरने कागद आत ओढला.

“नाना, टेस्ट पेज आलं बघा,” विकास तिकडूनच म्हणाला.

“मी टेस्ट पेज दिलेले नाही.”

कागद सविताच्या बाजूला पडला. तिने तो उचलला आणि वाचू लागली. “धावजी... त्याच्या खाली चिंधू... मग बुधाजी. आये, दादांचं नाव हाय.”

“बघू,” ठकूबाई म्हणाल्या. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी कागद नुसता हातात धरला. “अजून गरम हाय,” एवढेच म्हणाल्या. घाबरलेला एकटा विकास होता. पण ते तो टपरीवर सांगत नाही.

मी चष्मा लावून पाहिले. अक्षरे जुन्या फॉन्टमधली होती. तो फॉन्ट आम्ही दोन्ही संगणकांतून केव्हाच काढून टाकला आहे. धावजींच्या नावापुढे मूळ गाव लिहिले होते, आणि ते गाव जुन्नर तालुक्यातले होते. दोघी शोधत होत्या तो तालुकाच चुकीचा होता.

बिनसहीचा कागद पुरावा होत नाही, हे मला कुणी शिकवू नये. आम्ही त्यातून फक्त गावाचे नाव घेतले. दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्यांच्याबरोबर जुन्नरला गेलो. त्या गावचे कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी वही, काढायला लावले. दुपारपर्यंत नोंद सापडली: धावजीस मुलगा, आणि समोर जमात, स्वच्छ मोडीत.

“गाव एवढं नेमकं कुणी सांगितलं, बाबा?” दप्तर सांभाळणाऱ्याने विचारले.

“घरच्यांनीच,” ठकूबाई म्हणाल्या. मी ते खोडून काढले नाही, याचे मला आजही नवल वाटते.

अर्ज मुदतीत गेला. सविता आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीत आली की दुकानात डोकावते आणि विकासला रक्तदाब मोजू का म्हणून विचारते. डबा उत्तम चालतो आहे. प्रिंटर एकदाही ‘ऑफलाइन’ झालेला नाही.

आता विकासचे मत. या प्रिंटरची मेमरी वीज गेली की पुसली जाते, आणि घोडेगावात वीज किती वेळा जाते हे विकासने मला सांगायचे काम नाही. मधल्या सात वर्षांत त्याच प्रिंटरवर किती दाखले, किती अर्ज छापले... हा एकच कागद तेवढा आत दबा धरून बसला? त्याचे दुसरे म्हणणे असे, की मीच आठवून टाइप केले आणि विसरलो. टपरीवाल्यांना एवढेच सांगतो, की बुधाजी जिवंतपणी माझ्या दुकानात कधी रांग मोडून पुढे आले नाहीत. त्यांचे नाव घेऊन लोकांना घाबरवू नये.

मग झाले काय? मला माहीत नाही. राउटर तपासला, डबा तपासला, जाणकारांना विचारले. उत्तर नाही, आणि ते नाही असे लिहिण्यात मला कमीपणा वाटत नाही.

मात्र जुना जॉब आणि माझी आठवण, या दोन्ही गोष्टी पुढे करणाऱ्यांनी तो कागद खालपर्यंत वाचावा. त्याची झेरॉक्स माझ्यापाशी आहे. बुधाजींच्या नावाखाली दोन अपत्ये आहेत: सविता आणि रोहन. रोहन हे नाव मी त्या कागदावरच पहिल्यांदा वाचले. रोहनचा जन्म बुधाजी गेल्यानंतर चौथ्या महिन्यातला आहे.