आक्कांचं चांदोलीतलं रान

“औंदा काय केलंय त्या रानात?” आक्कांनी विचारलं आणि मी आधार कार्डांचे झेरॉक्स चाळता चाळता थांबले.

लासुर्ण्यात विलासरावांच्या ओसरीवर बसले होते. ट्रिप तोंडावर आलेली. चांदोलीचं नॅशनल पार्क, म्हणजे सह्याद्रीच्या डोंगरातलं संरक्षित जंगल. तिथं सफारीच्या परमिटसाठी प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं, तेच न्यायला आले होते. बारामतीत माझी ट्रॅव्हल एजन्सी आहे. काशी, केरळ, अष्टविनायक, सगळं करते. जंगलाची ट्रिप मात्र ऑफिसातल्या मुलींवर सोडत नाही. तिथले नियम हॉटेलवाल्याचे नसतात, फॉरेस्टचे असतात, आणि त्यांच्यापुढं ओळखपाळख काही चालत नाही.

विलासराव माझं जुनं गिऱ्हाईक. ऊस, ट्रॅक्टर, मोठा आवाज आणि मन त्याहून मोठं. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, “मॅडम, आई सारखी म्हणती, एकदा रान बघायचंय. तिचं माहेर तिकडचं हाय. झ्याक जंगल सफारी करून आणू तिला. जाताना पन्हाळा बी करू. उसाची तोड यायच्या आत उरका.” मी प्लॅन केला. आधी पन्हाळा, मग रिसॉर्टला मुक्काम, दुसऱ्या दिवशी दुपारची सफारी. प्लॅन फर्स्ट क्लास होता.

आणि आता त्यांच्या आई, आक्का, विचारत होत्या, काय केलंय. आमच्या भागात रान म्हणजे शेत. ‘मालक रानात गेलेत’ म्हटलं की ते पाणी धरायला गेलेत, वाघ बघायला नव्हे. ‘रानात काय केलंय’ म्हणजे यंदा पीक कुठलं घेतलंय. जंगलाबद्दल असं कुणी विचारत नाही.

“आक्का, कुठल्या रानात?”

“माझ्या बापाच्या. नाचणी करायचा त्यो. सरकारनं घेतलं न्हवं का? आता कोन कसतंय? ऊस केला आसंल म्हना.”

मग उलगडा झाला. आक्कांचे मालक तिकडं धरणाच्या कामावर मशीन चालवायला होते. तिथंच लग्न जमलं आणि आक्का लासुर्ण्यात आल्या. पुढं माहेरचं गाव जंगलासाठी उठवलं. भाऊ खाली नव्या वसाहतीत राहायला गेले. भेटीगाठी तिथंच व्हायच्या, वर डोंगरात पुन्हा कुणी गेलंच नाही. आता आमच्याकडं सरकारनं नाहीतर कारखान्यानं जमीन घेतली की तिथं ऊस उभा राहतो. आक्कांनी आयुष्यभर तेच बघितलेलं. त्यांच्या डोक्यात बापाचं रान अजून हिरवंगार होतं, फक्त कसणारा बदललेला.

विलासराव मला गोठ्याकडं घेऊन गेले.

“तिला काय बी सांगू नका. गेल्यावर बघंल की.”

“गेल्यावर झाडं दिसतील त्यांना. शेत नाही.”

“मग झाडं बघंल. वय झालंय, मॅडम. आत्तापासनं कशाला जिवाला घोर?”

“विलासराव, काय दिसणार ते सांगितल्याशिवाय मी कुणाला गाडीत बसवत नाही. तुमच्या आईला तर नाहीच.”

“ट्रिप माझी हाय.”

“ट्रिप त्यांची आहे. तुम्ही फक्त फोन केलात.”

ओसरीवर आले आणि आक्कांना सरळ सांगून टाकलं. शेत नाही, घर नाही. तिथं आता जंगल आहे, गवे आहेत, सांबरं आहेत. कुणी कसत नाही.

आक्का म्हणाल्या, “म्हंजी पडीक ठिवलंय?”

ऊसवाल्या घरात पडीक हा शब्द शिवीसारखा उच्चारतात. आक्कांनी तो तसाच उच्चारला.

“येवढी मानसं उठवली, आन् पडीक? मग मी न्हाय येत. काय बघू तिथं?” त्या उठून आत गेल्या.

“झालं समाधान?” विलासराव म्हणाले.

खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. पण चुकले असं काही वाटलं नाही. बुकिंगही मी कॅन्सल केलं नाही. ऑफिसात येऊन फॉरेस्टच्या साहेबांना फोन लावला आणि आक्कांच्या माहेरचं गाव सांगितलं.

“ते कोअरमध्ये येतं, मॅडम.” कोअर म्हणजे जंगलाचा गाभा. तिथं ठरलेल्या रस्त्यानंच गाडी जाते, वाटेल तिथं उतरता येत नाही.

“उतरायचं नाही, साहेब. लांबून दिसेल का, एवढंच सांगा.”

“व्ह्यू पॉइंटच्या समोरचा उतार म्हणजे तेच गाव. सकाळी धुकं हटलं की दिसतं. व्ह्यू पॉइंटवर थोडा वेळ उतरू देतो आम्ही. पण नारळ नाही, उदबत्ती नाही, आरडाओरडा नाही.”

“काळजीच सोडा. मी स्वतः बरोबर असणार आहे,” मी छातीठोक सांगितलं.

मग पन्हाळा काढून टाकला. मुक्काम पार्कच्या पायथ्याला आणला, सफारी सकाळची केली. विलासरावांना फोन केला आणि म्हटलं, आक्कांना द्या.

“आक्का, रान समोरून दिसतंय. आत जाता येणार नाही. बघून पडीक वाटलं तर तिथंच मला चार शब्द सुनवा.”

“सुनवनारच,” आक्का म्हणाल्या. “कवा निगायचं?”

उघड्या जीपमध्ये पुढं ड्रायव्हर आणि गाइड, मागं आम्ही तिघं. वाटेत आक्का बापाबद्दल बोलत होत्या. नाचणी पोटरीला आली, कणसं धरायला लागली, की तो रानातल्या उंच माळ्यावर झोपायचा, गवे हाकलायला. तरी निम्मं पीक तेच खायचे.

व्ह्यू पॉइंटला पोचलो तेव्हा धुकं विरत होतं. समोरच्या उतारावर झाडी, मधे मधे गवत, आणि गवताखाली पायऱ्या. उतारावर दगड रचून शेतं करतात, त्याला ताल म्हणतात. त्या ताली अजून दिसत होत्या.

“त्यो वढा,” आक्का म्हणाल्या. “त्याच्या अंगाची ताल आमची.” त्यांनी माझा दंड घट्ट धरला. माझ्याच डोळ्यांना पाणी आलं.

तेवढ्यात झाडीतून गवे बाहेर आले. काळे, थोराड. आक्कांच्या ताली चढून आरामात चरायला लागले. “नशीबवान हाय तुमी,” गाइड कुजबुजला.

आक्कांनी माझा हात सोडला, दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि आरोळी ठोकली.

“हाऽऽड! हाऽऽड हुर्रऽऽ!”

सगळी दरी दणाणली. गव्यांनी माना वर केल्या, आमच्याकडं बघितलं, आणि पुन्हा खाली घातल्या. गाइडनं कपाळावर हात मारला. “आजी, हितं ओरडायचं नसतंय.”

“आमच्या रानात शिरल्यात ती. ओरडू नको व्हय?”

विलासराव तोंड फिरवून हसत होते. खांदे हलत होते म्हणून मी हसणं समजले, पण जवळ जाऊन बघितलं तर ते रडत होते. “आये, चल आता,” ते म्हणाले.

“थांब की जरा.” आक्का कठड्याला टेकून गव्यांकडं बघत राहिल्या. “बापाला उभ्या जल्मात हटली न्हाईत, मला काय हटत्यात. चरू द्या.”

जीपमध्ये चढताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “पडीक न्हाय, पोरी. खानारी हायती.”

दुपारी फॉरेस्टच्या साहेबांचा फोन आला. आरोळी तिथवर पोचली होती.

“मॅडम, तुमच्या गाडीतूनच ना? कोण होतं?”

“जमीनमालक,” मी म्हटलं.

साहेब हसले, आणि मग मला रीतसर झापलं. झापायलाच हवं होतं.

तेव्हापासून बुकिंगचा फोन आला की मी आधी विचारते, बघायचं नक्की कुणाला आहे. मग त्या माणसाशीच बोलते. आणि सफारीआधी ‘जंगलात शांतता पाळा’ हे सगळ्यांना सांगताना एक वाक्य जादा घालते. रान स्वतःचं असलं तरी.