शेतीसंरक्षणाची बंदूक
रविवारी सकाळी घरात मशीनच्या तेलाचा वास पसरला की मला ते पोलीस ठाणं आठवतं. आजऱ्याकडची जमीन विकून बाबा आमच्याकडे बंगळूरला, सर्जापूर रोडला राहायला आले, तेव्हा रानडुकरांसाठी घेतलेली बंदूकही सोबत आली. परवाना कोल्हापूरचा होता, नूतनीकरण इथं करायचं होतं. ठाण्यातल्या साहेबांनी कागद पाहून हिंदीत विचारलं, "लायसन शेतीसंरक्षणाचं आहे. शेत कुठंय?" बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्याच्या फ्लॅटमध्ये गेलं." साहेब हसले नाहीत, कानडी मिसळून म्हणाले, "मग स्वल्प अवघड आहे, अण्णा." बाबांनी बंदूक तिथंच कायमची जमा केली, पुसायचं फडकं तेवढं परत मागून घेतलं. त्याच फडक्यानं ते आता दर रविवारी बिजागऱ्या पुसून तेल घालतात. आमच्या घरात एकही दार करकरत नाही.