आतलं मशीन

कॉम्प्युटरला एवढा जीव लावलेला आणि कॉम्प्युटरने ज्याचा तेवढाच जीव खाल्लेला माणूस माझ्या आत्याच्या यजमानांखेरीज अख्ख्या इंदापूर तालुक्यात दुसरा सापडणार नाही. आमच्याकडे आत्याच्या यजमानांना मामा म्हणतात, तर हे ते मामा. इंदापूरच्या बाजारपेठेत त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. आसपासच्या गावांतली निम्मी लग्नं आधी मामांच्या पडद्यावर लागतात आणि मग मांडवात. मी बारामतीला राहते आणि लोणी देवकरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. दिवसभर लोकांना 'एकदा बंद करून चालू करा' असं सांगायचं हे माझं काम. उरलेल्या वेळात मी तेच मामांना सांगते. मला फोनवर बोलायला आवडत नाही. घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे, मामांनाही आहे, म्हणून ते बोलणं सुरू करताना "तू बोलू नगंस, नुसतं ऐक" एवढी सवलत देतात आणि पुढच्याच वाक्यात प्रश्न विचारतात.

या सगळ्याचं मूळ मामांच्या अक्षरांत आहे. फार वर्षांपूर्वी त्यांनी पत्रिका जुळवायचं, म्हणजे छपाईसाठी अक्षरांची मांडणी करायचं, एक सॉफ्टवेअर घेतलं. त्यासोबत मराठी अक्षरांचे वळणदार साचे आले आणि एक 'लॉक' आलं. लॉक म्हणजे अंगठ्याएवढा तुकडा, तो कॉम्प्युटरच्या पाठीत खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही. हे सगळं फक्त जुन्या विंडोजवर चालतं. मामांचा जुना कॉम्प्युटर एका उन्हाळ्यात धूर काढून गेला आणि नव्याने त्या सॉफ्टवेअरला ओळखच दाखवली नाही. बारामतीच्या दुकानांत नवे, फुकट मिळणारे फॉन्ट वापरतात हे मी सुचवून पाहिलं. मामांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्या मोबाइलवर ते अक्षर पाहिलं. "ह्यो ळ बघितलास का? पोट खपाटीला गेल्यालं हाय त्याचं. लग्नाच्या पत्रिकेत असला उपाशी ळ घालू व्हय मी?" मी इंग्रजी शाळेतली, ळ जेवलेला आहे की उपाशी, हे मला तोवर कधी दिसलं नव्हतं. तेव्हापासून दिसतं, आणि त्याचाही त्रासच होतो.

शेवटी मी त्यांना व्हर्च्युअल मशीन करून दिलं. म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक जुना, खोटा कॉम्प्युटर, जो स्वतःला खरा समजतो आणि जुन्या विंडोजवर मजेत चालतो. हे समजावून सांगायला मी कागदावर चौकटीत चौकट काढली होती. मामांनी कागद बघितलाही नाही. "म्हंजी माडीवर भाडेकरू ठिवला," ते म्हणाले. त्या दिवसापासून 'आतलं मशीन' आणि 'भाईरलं मशीन' अशी घराची विभागणी झाली. आतल्याचं सगळं माफ. चूक कुणाचीही असो, बोलणी खायची बाहेरच्याने.

पहिल्याच आठवड्यात दोन्ही मशीनं एकदम बसली. मी जाऊन पाहिलं तर मामांनी कुठूनशी सेटिंग शोधून जवळजवळ सगळी मेमरी आतल्याला देऊन टाकली होती. "त्यो म्हातारा हाय," ते म्हणाले, "त्याला पोटभर नगं का?" मी सांगितलं, मामा, मालकच उपाशी मेला तर भाडेकरू राहणार कुठं? अर्धी वाटणी तरी बाहेरच्याला हवी. त्यांना ते पटलं, पण भावकीत जमीन सोडताना माणूस जसा बांध हळूहळू सरकवतो तशी ती मेमरी त्यांनी परत केली. रोज थोडी, आणि रोज मला फोन करून.

मग बाण अडकायला लागला. आतल्या मशीनच्या चौकटीत क्लिक केलं की माऊसचा बाण आत जातो, आणि उजवीकडचं कंट्रोलचं बटण दाबल्याशिवाय बाहेर येत नाही. हे मी फोनवर किती वेळा सांगितलं असेल ते मोजणं मी सोडून दिलं.

"बाण आत गेलाय. भाईर यीना."

"उजवीकडचं कंट्रोल दाबा."

"दाबलं."

"मामा, डावं दाबलंत."

"तुला तितनं कसं दिसलं गं?"

तेव्हा आत्या होती. ती दुकानात गल्ल्याशेजारी बसून पत्रिकांची नावं तपासायची. कुणाचा चुलता कुणाच्या आधी यायला हवा, कोणत्या दोन भावांची नावं एका ओळीत घालून चालणार नाही, हे तिला पाठ होतं, आणि तिने बोट ठेवलेल्या नावाची जागा मामा मुकाट्याने बदलत. तिनेच एका दुपारी आमचं हे बोलणं ऐकून पाकिटातली एक लाल टिकली काढली आणि उजव्या कंट्रोलवर चिकटवली. "सवाष्णीचं बटण दाबा म्हणावं," ती मला फोनवर म्हणाली, "आन तू जेवून घे." पुढच्या वर्षी आत्या गेली. आजार लांबला नाही, एवढंच बरं, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते.

त्यानंतर मामांचे फोन वाढले. वीज गेली की आतलं मशीन उठायला नकार द्यायचं. कारण साधं होतं: कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला होता, म्हणून वीज गेली की आतल्या मशीनला परवानगी देणारी सेटिंग पुसली जायची. सेल बदला, मी म्हणायची. "बदलू की," मामा म्हणायचे आणि बदलायचे नाहीत. मग मी कंपनीच्या बसमध्ये, खिडकीकडे तोंड करून, जमेल तितक्या हळू आवाजात त्यांना एकेक बटण सांगायची. मामांना हळू आवाज ऐकू येत नाही. शेवटी मला "एफ टू दाबा! दाबत राहा! सोडू नका!" असं ओरडावं लागायचं आणि बस गप्प व्हायची. माझ्या पुढच्या सीटवर बसणाऱ्या एक बाई, ज्यांच्याशी मी कधी एक शब्द बोललेली नाही, आता चढल्या चढल्या मला विचारतात, "उठलं का गं मामाचं मशीन?"

पण या सगळ्यावर कडी केली ती स्नॅपशॉटने. व्हर्च्युअल मशीनमध्ये ही सोय असते: आत्ता मशीन जसं आहे तसं गोठवून ठेवायचं, पुढे काही बिघडलं तर त्या क्षणाला परत जायचं. ती मी आत्या होती तेव्हाच मामांना दाखवली, ही माझी चूक असेल, पण दाखवली तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला होता की स्नॅपशॉट कसा घ्यायचा तेही मी शिकवून टाकलं. त्यानंतर मामा स्नॅपशॉट घेतल्याशिवाय शिंकले नाहीत. प्रत्येकाला नाव दिलेलं. 'चहाआधी.' 'चहानंतर.' 'पाटील भांडून गेल्यावर.' 'आज बरं चालतंय.' या स्नॅपशॉटनी डिस्क गच्च भरत आली. यातले बरेचसे काढून टाकू या, असं मी म्हणाले की ते पडद्यापुढे आडवे यायचे. "ऱ्हाऊ दे. माणसाला माघारी जायला कुठंतरी जागा असावी." मी दमलेली असायची. वाद न घालता निघून यायची.

या वर्षी ताईचं, म्हणजे मामांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. तिची पत्रिका कोण छापणार हा प्रश्न घरात कुणी विचारायला नको होता, तो माझ्या बाबांनी विचारला. बारामतीत तासाभरात देतात, आणि तुमचं ते मशीन ऐनवेळी बसलं तर, असं ते म्हणाले. ताई तर मोबाइलवरच पाठवू म्हणत होती. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाले, "पाव्हणं, सगळ्या तालुक्याच्या पोरींच्या पत्रिका मी जुळवल्या. आन माझी पोरगी दुसऱ्याच्या अक्षरात उजवू?" ठरलं असं, की शनिवारी संध्याकाळपर्यंत पत्रिका जुळवून छापखान्यात द्यायची. लग्नसराईमुळे छापखान्याला पुढे सवड नव्हती. शनिवार चुकला तर पत्रिका बारामतीत.

शनिवारी दुपारी फोन आला. "तू बोलू नगंस," मामा म्हणाले, आणि पुढे स्वतःच काही बोलले नाहीत. मी अर्धी रजा टाकून इंदापूरला गेले.

डिस्क पूर्ण भरली होती. जागा संपल्यामुळे आतलं मशीन मध्येच थांबलं होतं, आणि मामांनी ते झोपलंय समजून सरळ वायर उपटली होती. आता ते उठत नव्हतं. ताईची जुळवून झालेली पत्रिका आत होती. कामाची फाईल बाहेरच्या मशीनमध्येही ठेवत जा, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. बाहेर ठेवलेल्याला नजर लागते, हे त्यांनी मला. मी एकेक स्नॅपशॉट उघडून पाहायला लागले. ते साखळीसारखे एकमेकांना धरून असतात, एक दुवा तुटला की त्याच्या पुढचे सगळे जातात. 'चहानंतर' गेला. 'पाटील भांडून गेल्यावर' गेला. मामा माझ्या पाठीमागे उभे राहून प्रत्येकाला "जाऊ दे" म्हणत होते. शेवटी बऱ्याच खाली एक उघडला. नाव होतं 'दिवाळीआधी'. आत्या होती तेव्हाची दिवाळी.

मशीन उठलं. सॉफ्टवेअर उघडलं, लॉक ओळखलं, अक्षरं जागेवर होती. ताईच्या नावाची फाईलही होती, पण ती तेव्हाची. मामा गिऱ्हाइकांना दाखवायला एक नमुना ठेवत, आणि नमुन्यात दुसऱ्या कुणाची पोरगी कशाला, म्हणून ताई शाळेत असल्यापासून त्यात तिचंच नाव होतं. वराच्या जागी 'चि. अमुक', मुहूर्ताच्या जागी ठिपके. वर ठळक अक्षरांत आईवडिलांची ओळ.

"झालं की मग," मामा म्हणाले. "बस, मी पटापटा मारतो."

आणि खरंच मारलं. अमुक गेला, जावयाचं नाव आलं. मुहूर्त आला. भिगवणचं मंगल कार्यालय आलं. कळसच्या थोरल्या चुलत्यांपासून सगळी भावकी मामांनी कुठंही न बघता, आत्याने लावलेल्या क्रमाने टाईप केली. मध्ये एकदा बाण अडकला तोही त्यांनी स्वतः सोडवला. छापखान्यातला माणूस दारात येऊन मामांना "तात्या, आटपा, मशीन थांबवलंय" म्हणून गेला. मामांनी पत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली आणि हात मांडीवर ठेवून बसले.

वरची ओळ तशीच होती. 'सौ.' आणि पुढे आत्याचं नाव.

"मामा, वरची ओळ," मी म्हणाले.

"बघितलीय."

मी कीबोर्ड त्यांच्या हाताजवळ सरकवला.

"गेल्या म्हयन्यात एकदा टाकलं होतं मी," मामा म्हणाले. "दुपारभर बसलो, तवा टाकलं. आता परत नगं सांगूस. तू टाक."

"मला ही बटणं येत नाहीत."

"मी सांगतो."

ते खुर्चीवरून उठले, मी बसले. त्यांनी पडद्याकडे पाठ केली आणि रस्त्याकडे तोंड करून, लोकांची नावं सांगावीत तशा नेहमीच्या आवाजात सांगायला लागले. "सौच्या आधी जा. क कुठं हाय, मधल्या ओळीत. दाब. आता वरचं बटण धरून मात्रा. दुसरी मात्रा. आली का?" पहिल्यांदा 'के' झालं, मी पुसलं, दुसऱ्यांदा बरोबर आलं. "टिंब दे." दिलं. "सौ तसंच ऱ्हाऊ दे. सवाष्ण गेली ती." एक अक्षर आणि एक टिंब एवढंच वाढलं होतं, पण त्याने अख्खी ओळ उजवीकडे झुकली. मी काही बोलले नव्हते, तरी मामा वळले. इतक्या वर्षांच्या सवयीने ते झुकणं त्यांच्या पाठीलाही कळलं असावं. त्यांनी माझ्या खांद्यावरून हात पुढे घातला, दोनदा बटण दाबलं, ओळ मधोमध आणली, आणि छापखान्याकडे निघून गेले.

पत्रिका सुरेख झाली. बाबांनी ती हातात घेऊन वळवून वळवून पाहिली, बारामतीचं नाव काढलं नाही. ताई सासरी गेली. पुढच्या शनिवारी मी आपणहून इंदापूरला गेले, सेल बदलला, डिस्क साफ केली. या वेळी मामा आडवे आले नाहीत. मी बॅग उचलली तेव्हा ते पडद्याकडे बघत म्हणाले, "आता नमुन्याला नाव न्हाय. ताईचं कसं ठिवणार, तिचं झालं. तुझं घालू का? रागावशील, म्हणून इचारतो."

एरवी मी नको म्हटलं असतं. माझं नाव कुणी मोठ्याने हाक मारून घेतलं तरी मला अवघडायला होतं, आणि इथे तर ते 'चि. अमुक'शेजारी, बाजारपेठेतल्या काचेत. पण मामांचं बोट आईवडिलांच्या ओळीवर होतं, आणि माझे आई-बाबा दोघंही घरी धडधाकट आहेत.

"घाला," मी म्हणाले.