उगे तात्ता

"उगे!" असं म्हणून ते कॅमेऱ्यामागून डाव्या हाताची दोन बोटं वर करायचे. समोर वकील बसलेला असो, नवरानवरी असोत, की शाळेच्या दाखल्यासाठी आणलेलं रडकं पोर असो, सगळे जागच्या जागी थिजत. सगळे तमिळ बोलणारे. शब्दाचा अर्थ त्यांतल्या एकालाही सांगता आला नसता, पण तो ऐकला की हलायचं नाही हे कुंभकोणमच्या त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पोरं त्यांना 'उगे तात्ता' म्हणत. तात्ता म्हणजे आजोबा. मोठी माणसं 'रायर' म्हणत, तिकडे मराठी घरांतल्या रावांना म्हणतात तसं. त्यांचं खरं नाव मी लिहिणार नाही. त्या नावावर पुष्कळ लोक मिरवून गेले आहेत, त्यात माझी भर नको.

मी साताऱ्याची. बँकेने बदली करून मला तिथे नेऊन टाकलं, तेव्हा ओळखपत्राचा फोटो काढायला त्यांच्या दुकानात गेले. मी फोनवर आईशी बोलत होते. कॅमेऱ्यामागून आवाज आला, "बाई, बोलणें झालें म्हणजे उगी बसा."

मला हसू फुटलं. आमच्याकडे 'उगी उगी' फक्त रडणाऱ्या तान्ह्याला म्हणतात.

"अय्या, तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"आम्ही मराठीच. तुम्ही कोण?" ते म्हणाले, आणि दोन बोटं वर केली.

तीनशे वर्षांपूर्वी त्यांचं घराणं राजाच्या चाकरीत तंजावरला आलं. तीनशे वर्षं! तरी शेजारचा किराणावाला मला विचारायचा, "रायरचं मूळ गाव कुठलं हो, तुमच्याकडचं?" मी चिडायची. ते म्हणायचे, "विचारूं द्या. मज काय, साक्कोट्टै सांगतों." साक्कोट्टै म्हणजे कुंभकोणमच्या दक्षिणेला, अगदी लागून. तिथे त्यांचं घर. चौऱ्याऐंशी वर्षांचे होईपर्यंत रोज सायकलवरून दुकानात येत.

एकोणिसाव्या वर्षी ते सैन्यात गेले. आडनाव बघून साहेबाने मराठी मुलखातल्या पोरांच्या पलटणीत घातलं. पहिल्याच दिवशी जेवणाच्या रांगेत ते म्हणाले, "मज थोडा भात वाढा." अख्खी रांग खो खो हसली. तेव्हापासून ते पलटणीत 'मद्रासी'. "इथें रायर, तिथें मद्रासी," ते सांगत. "मी मराठी कुठें, तें कोणी सांगा." हे सांगताना ते हसत नसत. तुम्हीही कुणाच्या तरी बोलण्याला असे हसला असाल. मी तर त्यांच्यासमोरच हसले होते.

पलटणीत त्यांच्या हातात कॅमेरा आला तो ओळखपत्रांच्या फोटोंसाठी. मग लढाई झाली आणि त्यांना मेलेल्यांचे फोटो काढायला लावलं, घरच्यांना ओळख पटावी म्हणून. त्याबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले. "तिथें कोणासही उगे म्हणावें लागलें नाहीं," एवढंच म्हणाले आणि भिंग पुसत बसले.

त्याच लढाईनंतर रजेवर आले असताना त्यांनी आईचा फोटो काढला. लहानपणीच वडील गेलेले. आई लग्नाकार्यांत पंगतींचा स्वयंपाक करायची. तिचे हात रिकामे असे त्यांनी पाहिलेच नव्हते. "आई, एक घडी उगी बैस," म्हणून त्यांनी तिला दाराच्या पायरीवर बसवलं. ती बसली. हात मांडीवर, पालथे, भाजल्याचे डाग वर. रजा संपून ते गेले, आणि महिन्याच्या आत ती वारली. फोटो दुकानात गल्ल्याच्या वर टांगलेला असे. मागे त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'उगी बसलेली आई'.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती.

आपल्याकडची एक सांस्कृतिक संस्था तंजावर भागातल्या मराठी माणसांचा शोध घेत आली. शोध! जणू ती हरवली होती. रायरांच्या दुकानात पन्नास वर्षांचे फोटो पाहून मंडळींना भरून आलं. प्रदर्शन ठरलं. आधी कुंभकोणमला, मग आपल्याकडे गावोगावी. रायरांनी एकच अट घातली, "फोटोंचीं नांवें मी लिहिलीं तशीं राहोत. आमची मराठी कुठें छापलेली मी पाहिली नाहीं." हो हो, अगदी, म्हणाले सगळे.

मजकूर तपासायला कुणाकडे आला? माझ्याकडे. मराठी शाळेतली, शुद्धलेखनात पहिली आलेली मी! जेवणाच्या सुट्टीत, एका हातात डबा धरून, मी लाल पेनाने तो तपासला. जुनी रूपं तशीच ठेवायची हे मला माहीत होतं. 'केलें', 'झालें' ठेवलंही. 'उगी बसलेली' पाशी आले आणि वाटलं, म्हाताऱ्याचं एक अक्षर राहिलं. 'उगीच' केलं. खाली सही केली. त्यांचा तो शब्द मी सहा वर्षं ऐकत होते, त्याच शब्दावर फोटोला बसले होते, आणि तरीही.

उद्घाटनाला ते पदकं लावून आले. आईचा फोटो पुरुषभर उंच केलेला, खाली ठळक अक्षरांत: 'उगीच बसलेली आई'. ते बराच वेळ त्यापुढे उभे राहिले. तेवढ्यात त्यांना मंचावर बोलावलं. पाहुण्यांचं भाषण चालू होतं, आपल्या मातीपासून तुटलेले हे बांधव मोडकंतोडकं का होईना मराठी बोलतात वगैरे. टाळ्या. मग रायरांपुढे माईक धरला.

"मज फार बोलतां येत नाहीं," त्यांनी सुरुवात केली. पहिल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. पाहुण्यांनी माईक ओढून घेतला. "ऐकलंत? किती गोड! किती गोड भाषा!"

"मी उगा राहतों," असं म्हणून रायर खाली उतरले. त्यालाही टाळ्या पडल्या.

माझ्यापाशी येऊन म्हणाले, "बाई, माझी आई उगीच कधीं बसली नाहीं. हें कोणी केलें?"

"त्या मंडळींनी," मी म्हटलं.

इतकं सरळ खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. त्या पाहुण्याचा मला अजून संताप येतो, पण तो जे बोलला ते निदान तोंडावर बोलला होता.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात गेले तर त्यांनी त्या 'च'वर काळी चिकटपट्टी लावलेली. फिल्मच्या डब्यांना उजेड लागू नये म्हणून लावतात ती. नखाने दाबून, कडा नीट बसवून लावलेली. पट्टीचं गुंडाळं त्यांनी माझ्या हातात दिलं. "हें तुमच्यापाशीं असो," म्हणाले. "तो लाल पेनाचा कागद मी पाहिला. तुमचें अक्षर मज ठाऊक आहे, बाई. 'च'चें पोट तुम्ही मोठें काढतां." एवढं बोलून चहा सांगायला गेले. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात चहावाला आला. मग कधी मागितलीच नाही.

चार महिन्यांनी ते गेले. दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. गेल्या महिन्यात तिथे एक बाई कडेवरचं पोर हलू नये म्हणून फोन समोर धरून म्हणाली, "उगे, उगे!" अस्सल तमिळ बाई. तिने 'च' लावला नाही.

पुण्यात प्रदर्शन लागलं तेव्हा कळलं की पट्टी काढून टाकली आहे, 'अस्वच्छ दिसते' म्हणून. मी संस्थेला पत्र लिहिलं, कडक. उत्तर आलं: मजकूर आपणच तपासून दिला होता, प्रत सोबत जोडली आहे. त्या प्रतीवर माझा लाल 'च', मोठ्या पोटाचा.

मी रजा काढली आणि पुण्याला गेले. हॉलमध्ये आठदहा माणसं होती. पर्समधून गुंडाळं काढलं, दातांनी पट्टी तोडली आणि 'च'वर लावली. कडा नखाने दाबत होते.

"ओ मॅडम, काय चाललंय? हात लावायचा नाही!" रखवालदार धावत आला.

माझी डाव्या हाताची दोन बोटं आपोआप वर गेली.

"उगे!" मी म्हटलं.

तो थांबला. मी चौथी कड दाबून बसवली. मग फोटोतल्या आईपुढे उभी राहिले आणि जे रायरांना सांगायचं राहून गेलं होतं ते तिला सांगितलं, मोठ्याने, सगळ्यांदेखत, "ही चूक माझी आहे."